एकदांडी : आपली की परकी?

फेब्रुवारी संपत आला होता. नगर शहराच्या पूर्वेला सलाबतखानाची कबर असलेला डोंगर आहे. त्याला सगळे चांदबिबीचा महाल म्हणूनच ओळखतात. नववीच्या मुलांना घेऊन आम्ही काही शिक्षक तो डोंगर चढत होतो. पावसाळ्यात हिरवागार असणारा उतार आता पिवळा पडला होता. कुसळे पायात घुसत होती आणि मुरमावरून चपला सरकत होत्या. अशा वेळी फुलांचा तास कसा घ्यावा, याची चिंता आम्हाला लागली होती.

तेवढ्यात एका मुलाचा पाय घसरला आणि गुडघा खरचटून रक्त आले. आमची प्रथमोपचाराची पेटी खाली गाडीत राहिलेली. त्याच्याबरोबरच्या मुलीने मात्र इकडेतिकडे पाहिले, जमिनीलगत पसरलेल्या एका रोपाची चार पाने तोडली, तळहातावर चोळली आणि हिरवा रस त्याच्या गुडघ्यावर पिळला. "दगडीपाला आहे सर, आमची आजी लावती," ती म्हणाली. आमच्यातल्या एका शिक्षकांनी लगेच संधी साधली, "बघा मुलांनो, आपल्या पूर्वजांना हजारो वर्षांपूर्वीपासून ठाऊक असलेले हे औषध!"

शाळेत परतल्यावर वनस्पतींचे पुस्तक उघडले. त्यात या रोपाच्या नावापुढे लिहिले होते : मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिका. आम्ही ते वर्गात प्रामाणिकपणे वाचून दाखवले. त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग सर, आजीला हे सांगितलं कुणी?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. ते शोधताना जे हाती लागले ते या लेखात मांडत आहोत. कारण हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. 'परंपरेने चालत आलेले ज्ञान' किती जुने असते, ते कोण तयार करते, आणि एखादी गोष्ट 'आपली' आहे असे आपण कशावरून ठरवतो, हे सगळे त्यात आले.

आधी रोपाची ओळख

एकदांडी, दगडीपाला, कंबरमोडी, जखमजोडी अशा नावांनी हे रोप महाराष्ट्रात ओळखले जाते. त्याचे शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. 'प्रोकम्बेन्स' या लॅटिन शब्दाचा अर्थ जमिनीवर आडवे पडलेले. 'थ्रिडॅक्स' हे प्राचीन ग्रीकांचे लेट्यूसचे, म्हणजे सॅलडच्या पाल्याचे नाव.

रोप खरोखरच जमिनीला धरून वाढते. खोडाच्या पेऱ्यांना मातीचा स्पर्श झाला की तेथे मुळे फुटतात. पाने समोरासमोर, कडा दातेरी, दोन्ही बाजूंना खरखरीत लव. फुलाचा देठ मात्र ताठ उभा, वीतभर किंवा त्याहूनही लांब, आणि त्याच्या टोकाला एकच फूल. 'एकदांडी' हे नाव यावरूनच पडले असावे.

आपण 'एक फूल' म्हणतो तो खरे तर फुलांचा गुच्छ असतो. सूर्यफूल, शेवंती, झेंडू, करडई यांच्या कुलाचे हे वैशिष्ट्य आहे. एकदांडीच्या गुच्छात कडेला साधारण पाच पांढरट किरणपुष्पके असतात. प्रत्येकाच्या टोकाला तीन दाते असतात. मध्ये पिवळ्या, नळीसारख्या बिंबपुष्पकांची गर्दी असते. प्रत्येक पुष्पकापासून एक बारीक फळ तयार होते आणि त्याच्या डोक्यावर पिसासारख्या केसांचा झुबका असतो. फुंकर मारली की ही फळे छत्रीसारखी उडत जातात.

अशा रोपाला नगर जिल्हा मानवला यात नवल नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा (सुमारे १७,००० चौरस किलोमीटर). पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचा धो धो पाऊस पडतो, तर पूर्वेकडे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके पर्जन्यछायेत येतात. हे वाळवंट नव्हे, पण उथळ माती, मुरूम, उघडे खडक आणि वर्षाचे आठ महिने कोरडी हवा अशी येथली परिस्थिती. उंच वाढणाऱ्या नाजूक रोपाचे येथे काम नाही. जमिनीला चिकटून राहणारे, लव असलेले, तुडवले तरी पुन्हा मूळ धरणारे आणि थोड्या ओलीवरही फुलणारे रोप मात्र येथे टिकते. म्हणूनच त्या कोरड्या डोंगरावर फेब्रुवारीतही आम्हाला फुले सापडली आणि आमचा तास वाया गेला नाही.

मूळ गाव कसे शोधतात?

'मूळ स्थान मेक्सिको' असे पुस्तकात छापलेले असते. पण हे कोणी आणि कसे ठरवले? वनस्पतीजवळ जन्मदाखला नसतो. इतिहासकार जसे निरनिराळे पुरावे एकत्र जुळवतात, तसेच वनस्पतिशास्त्रज्ञांनाही करावे लागते.

पहिला पुरावा भाऊबंदांचा. ट्रायडॅक्स या प्रजातीत तिसाच्या आसपास जाती आहेत. त्या जवळजवळ सगळ्या अमेरिका खंडात, विशेषतः मेक्सिकोत आढळतात. भारतात रानात वाढणारी त्यांच्यातली सर्वपरिचित जात एकच, आपली एकदांडी. एखाद्या आडनावाची तीस घरे एका गावात असावीत आणि एकच घर शेकडो कोसांवरच्या दुसऱ्या गावात, तर कोण कोठून आले हे सांगायला फार विचार करावा लागत नाही.

दुसरा पुरावा लिखित आहे. स्वीडनच्या कार्ल लिनिअसने १७५३ साली 'स्पिशीज प्लांटारम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वनस्पतींना दोन शब्दी नावे देण्याची आजची पद्धत त्या ग्रंथापासून धरली जाते. त्यात ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स आहे आणि तिच्या वस्तीचे ठिकाण म्हणून एकच नाव दिले आहे : व्हेराक्रूझ. मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावरचे हे बंदर. स्पॅनिश राजवटीत युरोपकडे जाणारा माल येथून निघे. विल्यम हाऊस्टन हा स्कॉटिश शल्यवैद्य १७३० च्या सुमारास याच बंदराच्या परिसरातल्या वनस्पती गोळा करून इंग्लंडला पाठवत होता आणि १७३३ साली जमैकात तो वारला. अशा माणसांच्या कष्टामुळेच स्वीडनमध्ये बसलेल्या लिनिअसला मेक्सिकोची रोपे ठाऊक झाली.

तिसरा पुरावा मोठा गमतीचा आहे, कारण तो 'नसण्याचा' पुरावा आहे. आणि त्याची सुरुवात नगरपासूनच करता येते.

नगरच्या दरबारातला वैद्य

मलिक अहमदने १४९० साली वसवलेले हे शहर निजामशाहीची राजधानी होते. (२०२४ पासून शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे.) दुसरा निजामशहा बुऱ्हाण १५५३ पर्यंत गादीवर होता. त्याच्याकडे गोव्याहून एक पोर्तुगीज वैद्य येत असे. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. १५३४ साली तो भारतात आला आणि पुढचे सारे आयुष्य येथेच राहिला. निजामशहावर त्याने उपचार केले, दरबारातल्या हकिमांशी औषधांविषयी चर्चा केल्या, वाद घातले. या सगळ्या अनुभवावर आधारलेले त्याचे पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले गेले. भारतातल्या औषधी द्रव्यांवर युरोपियनाने लिहिलेल्या पहिल्या छापील पुस्तकांपैकी ते एक. त्यात हिंग आहे, हळद आहे, भांग आहे, आंबा आहे. एकदांडी नाही.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी केरळच्या किनाऱ्यावर डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे याने 'हॉर्टस मलबारिकस' हा प्रचंड ग्रंथ तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड निघाले. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने त्यासाठी माहिती पुरवली. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्यही या कामात होते आणि त्यांची साक्ष पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेली आहे.

आता लिनिअसकडे परत येऊ. रेडेचे हे खंड लिनिअसच्या हाताशी होते. भारतातल्या वनस्पतींची नोंद करताना तो वारंवार त्यांचा हवाला देतो. ट्रायडॅक्सपुढे मात्र त्याने असा हवाला दिला नाही. तेथे फक्त व्हेराक्रूझ आहे.

विद्यार्थ्यांना येथे एक गोष्ट स्पष्ट करून सांगायला हवी. एखाद्या पुस्तकात उल्लेख नाही, एवढ्यावरून ती वस्तू नव्हतीच असे सिद्ध होत नाही. ओर्ता बाजारात विकल्या जाणाऱ्या औषधांविषयी लिहीत होता, रस्त्याकडेच्या तणांविषयी नव्हे. त्यामुळे त्याच्या मौनाचे वजन कमी. रेडेचा ग्रंथ शेकडो वनस्पतींची चित्रे देतो आणि त्यांत साधी तणेही आहेत, म्हणून त्याच्या मौनाचे वजन अधिक. भाऊबंदांचा पुरावा, लिनिअसची नोंद आणि हे मौन, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा निष्कर्ष पक्का होतो. न्यायालयात तीन स्वतंत्र साक्षीदारांची साक्ष जुळावी तसे हे आहे.

चौथा पुरावा पुढचा काळ सांगतो. जोसेफ हूकर यांच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात (१८८०–८२) एकदांडीची दखल घेतलेली आहे, ती परदेशातून येऊन येथे पसरलेले तण म्हणून. पुढे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला. त्यातही एकदांडी आहे.

म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस ती ग्रंथांत नाही आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आहे. या दोनशे वर्षांच्या पट्ट्यात कधीतरी ती आली आणि पसरली.

बोटीतून माळावर

स्पॅनिश गलबते १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे मेक्सिकोचा पश्चिम किनारा आणि फिलिपिन्समधले मनिला यांच्यामध्ये ये-जा करत होती. मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावरून युरोपकडे आणि युरोपातून भारताकडे असा दुसरा मार्ग होता. या मार्गांनी मिरची, मका, शेंगदाणा, पेरू, सीताफळ आले. ते माणसांनी हौसेने आणले. त्यांच्याबरोबर पोती, गवताचे वेष्टण, रोपांच्या कुंड्यांतली माती आणि बोट स्थिर राहावी म्हणून तळाशी भरलेली माती-दगड यांतून कितीतरी बिया न सांगता आल्या. एकदांडीचे फळ केसाळ, हलके, कशालाही चिकटणारे. तिला तिकिटाची गरज नव्हती.

किनाऱ्यावर उतरल्यावर पठारावर यायला काय लागते? उकरलेली, उघडी जमीन. दाट गवतात किंवा रानात अशा तणाला सहसा शिरकाव मिळत नाही. ताजी खोदलेली माती दिसली की ते पहिल्यांदा हजर होते. एकोणिसाव्या शतकात अशी जमीन कधी नव्हे इतकी तयार झाली. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. १८७६–७८ च्या मोठ्या दुष्काळात ठिकठिकाणी मातीकामे निघाली आणि त्याच सुमारास दौंड–मनमाड लोहमार्ग नगरवरून गेला. रुळांच्या कडेचे भराव, खडीचे रस्ते, तलावांचे बांध ही सगळी या रोपाच्या पसंतीची ठिकाणे. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांनीही नगर जिल्ह्यात मैलोगणती रस्ते, पाझर तलाव आणि नालाबांध झाले. माणसाने जमीन उघडी केली की एकदांडी तिच्यावर पांघरूण घालायला येते. आजही शाळेच्या नव्या इमारतीभोवती, पायाच्या मातीच्या ढिगावर, पहिल्या पावसानंतर काय उगवते ते पाहावे.

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेतल्या एस. जी. प्रधान आणि एन. पी. सिंग यांनी १९९९ साली अहमदनगर जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. जिल्ह्यातल्या वनस्पतींची पद्धतशीर यादी हवी असेल, तर शिक्षकांनी तो महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जरूर पाहावा.

मग आजीला कुणी सांगितले?

आता त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे वळू. एकदांडी दोन-तीनशे वर्षांपेक्षा जुनी रहिवासी नसेल, तर चरक आणि सुश्रुत यांनी तिच्याविषयी लिहिलेले असणे शक्य नाही. 'हजारो वर्षांपूर्वीपासून' हे विधान चुकीचे ठरते. काही ठिकाणी एकदांडी 'भृंगराज' म्हणून दिली जाते, त्यामुळेही घोटाळा होतो. भृंगराज म्हणजे आपला माका. तो याच कुलातला आहे, त्याचीही पाने समोरासमोर येतात आणि त्याचीही फुले पांढरी असतात. पण माका ओढ्याकाठी, पाटाच्या कडेला, ओलीत वाढतो, त्याचे गुच्छ अगदी लहान असतात, आणि त्याचे खोड मोडून थोडा वेळ ठेवले की रस काळा पडतो. जुन्या ग्रंथातले नाव नव्या रोपाला चिकटले की नवे रोपही एका रात्रीत प्राचीन होते!

पण म्हणून आजीचे ज्ञान खोटे ठरते का? मुळीच नाही. उलट आम्हाला ते आता अधिक मोलाचे वाटू लागले आहे.

असे पाहा. हे रोप आले तेव्हा त्याला येथे नाव नव्हते. कोणत्याही पोथीत त्याचे गुण लिहिलेले नव्हते. बोटीबरोबर मेक्सिकोतली वैदूही आली नव्हती. तरी आज ते 'जखमजोडी' आहे. तमिळमध्येही त्याच्या नावाचा अर्थ 'कापलेल्या जखमेचे झुडूप' असाच होतो. याचा अर्थ, गेल्या काही पिढ्यांत कोणीतरी पहिल्यांदा हे अनोळखी पान चोळून जखमेवर लावले. गुरे राखणाऱ्या पोराने, खुरपताना बोट कापलेल्या बाईने किंवा मेंढरामागे हिंडणाऱ्या धनगराने. रक्त थांबले, असे त्याला दिसले. त्याने दुसऱ्याला सांगितले. दुसऱ्याने करून पाहिले. ज्यांना फरक पडला नाही त्यांनी सोडून दिले, ज्यांना पडला त्यांनी नाव ठेवले. हे निरीक्षण, पुन्हा पुन्हा तपासणी आणि नोंद असेच झाले. नोंद कागदावर नाही, नावात झाली, एवढाच फरक. हे करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही.

विशेष म्हणजे ग्वाटेमालासारख्या तिच्या मूळ प्रदेशातही लोक ती औषध म्हणून वापरतात. दोन टोकांच्या माणसांनी एकाच रोपाची औषध म्हणून पारख केली.

१९८० च्या दशकापासून भारतातल्या प्रयोगशाळांत एकदांडीच्या पानांच्या रसाची उंदरांवर तपासणी झाली. जखम भरताना तयार होणाऱ्या नव्या ऊतीवर त्याचा अनुकूल परिणाम दिसल्याचे त्यांपैकी काही प्रयोगांत नोंदवले गेले. उंदरावरचा प्रयोग म्हणजे माणसासाठी सिद्ध झालेले औषध नव्हे, हेही मुलांना सांगायला हवे. रस्त्याकडेच्या पानावर धूळ असते, जनावरांची घाण असते, धनुर्वाताचे जंतूही असू शकतात. त्या दिवशी आम्हीही मुलाचा गुडघा नंतर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुतला आणि त्याला धनुर्वाताची लस कधी दिली होती याची घरी चौकशी केली. आजीच्या निरीक्षणाचा मान राखणे आणि त्याची तपासणी करणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

त्याच घरची दुसरी भावंडे

एकदांडीचा इतिहास शिकवताना तिच्या दोन नातलगांची आठवण काढल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. दोन्ही सूर्यफुलाच्या कुलातले, दोन्ही अमेरिका खंडातले आणि दोन्हींची नावे लिनिअसच्या त्याच १७५३ च्या ग्रंथात आहेत.

पहिले नातलग गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत. (ते गवत नाही आणि गाजरही नाही, पाने तेवढी गाजरासारखी!) नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला त्याचे नाव काढताच काय वाटते ते सांगायला नको. त्याच्यामुळे अंगाला खाज सुटते, कातडीचे विकार होतात, काहींना दम लागतो. जनावरे ते खात नाहीत. ते कसे आले याची गोष्ट सर्वांना पाठ आहे : अमेरिकेच्या 'पीएल-४८०' योजनेतल्या गव्हातून आले, त्या वेळी काँग्रेसचे राज्य होते म्हणून 'काँग्रेस गवत'. कोणी म्हणतात, पांढऱ्या फुलांमुळे, टोपीवरून हे नाव पडले.

आता तारखा मांडून पाहू. अमेरिकेत पीएल-४८० कायदा झाला जुलै १९५४ मध्ये. भारताशी त्याखालचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. पुण्यात हे तण वाढत असल्याची नोंद आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केली, तीही १९५६ मध्येच. पुण्यात १९५१ च्या सुमारास कचऱ्याच्या ढिगांवर ते तुरळक दिसल्याचेही सांगितले जाते. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १८१४ साली छापलेल्या कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाच्या यादीत, रॉक्सबर्गच्या 'हॉर्टस बेंगालेन्सिस'मध्ये, या वनस्पतीचे नाव आहे.

म्हणजे करार आणि तणाची नोंद एकाच वर्षातली. कराराचा गहू बंदरात उतरून, रेल्वेने पुण्यात येऊन, सांडून, उगवून, फुलून, शास्त्रज्ञाच्या नजरेस पडण्याइतका वेळ मध्ये उरत नाही. परदेशी धान्यावरचा संशय मात्र पूर्ण पुसला जात नाही, कारण १९५१ साली भारताने अमेरिकेकडून कर्जाऊ गहू घेतला होता आणि पुढच्या वर्षांत पीएल-४८० च्या गव्हाबरोबर आणखी बी येत राहिले असणेही शक्य आहे. पण 'पीएल-४८० मधून पहिल्यांदा आले' ही पाठ केलेली गोष्ट तारखांच्या कसोटीला उतरत नाही. इतिहासाच्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर वापरावे. सोपी गोष्ट आणि खरा क्रम यांतला फरक एका फळ्यावर दाखवता येतो.

गाजरगवत आवरण्यासाठी १९८३ साली मेक्सिकोतूनच एक भुंगा आणला गेला. झायगोग्रामा बायकलोराटा हे त्याचे नाव. १९८४ साली बंगळूरजवळ तो मोकळ्यावर सोडला आणि पुढे महाराष्ट्रातही पोहोचला. पावसाळ्यात गाजरगवताची पाने चाळणीसारखी झालेली दिसली, तर ती त्याचीच करामत समजावी.

दुसरे नातलग झेंडू. दसऱ्याला दाराला तोरण बांधताना, खंडेनवमीला अवजारांची पूजा करताना झेंडू हवाच. नगर जिल्ह्यात तर दसऱ्याच्या आधी झेंडूची शेते पिवळी-केशरी होऊन जातात. या झेंडूचेही मूळ घर मेक्सिको. तेथेही तो पूर्वजांच्या स्मरणाच्या सणात वापरला जातो. पण झेंडूला कोणी परका म्हटल्याचे आपण ऐकले आहे का?

एकाच घरची तीन भावंडे. एकाला आपण देवापुढे ठेवले, एकाला जखमेवर लावले, एकाला शिवी दिली. हे तिघांच्या जन्मगावावरून ठरलेले नाही. त्यांनी येथे येऊन काय केले आणि आपण त्यांच्याशी कसे वागलो, यावरून ठरले आहे.

एकदांडीही अगदी निष्पाप आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. शेतात ती तणच आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी तिला उपद्रवी तणांच्या यादीत टाकले आहे आणि तिचे बी देशात आणायला बंदी केली आहे, मेक्सिको अगदी शेजारी असूनही! आपल्याकडे मात्र उन्हाळ्याच्या तोंडाशी, इतर फुले संपलेली असताना, लहान लहान फुलपाखरे आणि मधमाश्या तिच्याच फुलांवर दिसतात. तिचे खरे मोजमाप करायचे तर 'देशी की विदेशी' या एका खुणेवर भागत नाही. ती कोणाची जागा घेते, कोणाला अन्न देते, कोणत्या जमिनीवर उगवते हे पाहावे लागते.

वर्गात करण्यासारखे

पहिली गोष्ट मोजणी. प्रत्येक गटाने एकदांडीचे एक पिकलेले बोंड घ्यावे आणि त्यातली फळे मोजावीत. एका रोपावर एका वेळी किती फुले आहेत हे पाहून गुणाकार करावा. येणारा आकडा मुलांना थक्क करतो आणि तण का पसरते हे सांगायची गरज उरत नाही.

दुसरी गोष्ट नकाशा. शाळेभोवतीची पाच ठिकाणे निवडावीत : पायवाट, नांगरलेले शेत, जुना बांध, दाट गवताचा माळ, बांधकामाची माती. प्रत्येक ठिकाणी मीटरभर लांबी-रुंदीचा चौकोन आखून एकदांडीची रोपे मोजावीत. ती कोठे अधिक आणि कोठे जवळजवळ नाहीत, याचे कारण मुलांनाच शोधू द्यावे.

तिसरी गोष्ट नावे. प्रत्येक मुलाने घरातल्या आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे : या रोपाला तुम्ही काय म्हणता, कशासाठी वापरता, तुम्हाला कोणी सांगितले? उत्तरे वहीत जशीच्या तशी, बोलीतल्या शब्दांत लिहावीत. पारनेरची आणि अकोल्याची नावे वेगळी निघाली, तर ती नकाशावर मांडावीत.

आमच्या वर्गाने हे तिसरे काम केले. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने स्वतःच्या आजीला विचारले. ती म्हणाली, "माझ्या सासूने सांगितलं." सासूला कोणी सांगितले? "तिनंच कुठंतरी बघितलं असंल की." मुलाने वहीत तेवढेच लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.

आम्ही ते खोडले नाही. त्या प्रश्नचिन्हाच्या मागे दोनशे वर्षांचा समुद्रप्रवास आणि कोणातरी अनामिक बाईने माळावर केलेला एक प्रयोग आहे, एवढे आता आमच्या वर्गाला कळले आहे.